सरणाचे लाकूड आणि शेतातील पऱ्हाटी

पावसाळ्यात अंत्यविधी करणाऱ्यांना ओल्या लाकडाचा त्रास ठाऊक असतो. सरण पेटता पेटत नाही. मग डिझेल, कधी जुने टायर वापरले जातात. टायरच्या धुरातून विषारी वायू आणि सूक्ष्म कण बाहेर पडतात, आणि तो धूर सर्वात आधी जातो तो भोवती उभ्या असलेल्या नातेवाइकांच्या छातीत.

एका पारंपरिक सरणाला साधारण 300 ते 400 किलो लाकूड लागते. प्रत्यक्ष दहनाला एवढ्या उष्णतेची गरज नसते. पण ताज्या लाकडाचे जवळपास निम्मे वजन पाण्याचे असू शकते. ते पाणी उडवण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते, उरलेली उघड्यावर वाया जाते.

विद्युतदाहिनी हा शहरांचा मार्ग आहे. चिखलीसारख्या तालुक्याच्या गावी मात्र गणित वेगळे पडते. रोज सलग अंत्यविधी नसतील, तर थंड झालेली भट्टी दर वेळी नव्याने तापवावी लागते. त्यात आपली बहुतांश वीज अजून कोळशाचीच आहे. दफनाला इंधन लागत नाही, पण जागा लागते.

जवळचा उपाय विदर्भातच आहे. नागपुरात पिकांच्या अवशेषांपासून दाबून केलेल्या कांड्या ‘मोक्षकाष्ठ’ म्हणून स्मशानघाटांवर वापरल्या गेल्या आहेत. चिखली परिसरात सोयाबीन, कापूस, तूर ही नेहमीची पिके. हंगामानंतर कुटार, पऱ्हाट्या, तुराट्या उरतात आणि त्यातील बरेच बांधावर जाळले जाते. सरणाजोगे झाड वाढायला अनेक वर्षे जातात. पऱ्हाटी दरवर्षी येते. कांड्या कोरड्या आणि घट्ट असल्याने चांगल्या जळतात. सरण उंच लोखंडी जाळीवर रचले, तर खालून हवा खेळते आणि इंधन आणखी वाचते. विधीत काहीच बदलत नाही. अग्नीही तोच राहतो.

राखेचेही तसेच. हाडांच्या राखेत मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरस असतो. उन्हाळ्यात आटणाऱ्या पैनगंगेच्या डबक्यांत ती साचून राहते. शेतात पसरून घालून तिथे झाड लावण्याची प्रथा महाराष्ट्रात अनेक कुटुंबांनी स्वीकारली आहे.

नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी पावसाळ्यापूर्वी कोरड्या कांड्यांचा साठा, छप्पर आणि लोखंडी जाळी एवढे जरी केले, तरी गरिबाच्या घरातील शेवटचा निरोप टायरच्या धुराविना होईल.