शमीचा हिशेब

१५ नोव्हेंबर २०२३च्या रात्री मी व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवलं होतं : ‘मिळालं उत्तर?’ वानखेडेवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात मोहम्मद शमीने ५७ धावांत न्यूझीलंडचे सात गडी बाद केले होते. ते स्टेटस ही माझी चूक होती आणि आपल्यातले बरेच जण ती अजून करतात.

उत्तर कोणाला देत होतो मी? त्याआधी दोन वर्षं, २४ ऑक्टोबर २०२१ला, दुबईत पाकिस्तानने बिनबाद १५२ करून आपल्याला हरवलं. त्या रात्री एकाही भारतीय गोलंदाजाला विकेट मिळाली नाही, पण ‘गद्दार’ ठरला तो शमी. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॉलवर सगळे मॅचबद्दल बोलत होते आणि मी म्यूटवर. (विराट कोहली पुढे स्पष्ट बोलला. मी नाही बोललो.)

सात विकेट हा निष्ठेचा पुरावा असेल, तर त्या रात्री ३.५ षटकांत दिलेल्या ४३ धावा गद्दारीचा पुरावा ठरतात. लॉजिक तेच, फक्त इनपुट बदललाय. ट्रोल करणाऱ्यांचाच प्रोग्राम मी माझ्या मोबाइलवर चालवत होतो!

आणि आपल्या घरातलं काय? मार्च २०२५, चॅम्पियन्स ट्रॉफीची उपांत्य फेरी, पुन्हा दुबई. रमजानमध्ये शमी मैदानावर काहीतरी प्यायला, तर बरेलीच्या एका मौलानांनी त्याला गुन्हेगार ठरवलं. आपल्या ग्रुपवर लगेच बचाव सुरू झाला : प्रवासात रोजा सोडून नंतर पूर्ण करायची सवलत आहे, ही बघा आयत. सवलत आहेच. पण टीव्हीसमोर बसून कोणाचा रोजा तपासायचं काम आपल्याला दिलं कोणी?

त्याच्या बॉलिंगबद्दल बोला ना. हातातून सुटलेल्या चेंडूची शिवण सरळ उभी राहते. टप्पा पडल्यावर तो आत येणार की बाहेर जाणार, फलंदाजाला कळत नाही. २०२३मध्ये पहिले चार सामने बाकावर बसला, मग सात सामन्यांत २४ विकेट. नंतर घोट्याची शस्त्रक्रिया, वर्षभर संघाबाहेर. परतला आणि फेब्रुवारी २०२५मध्ये वनडेतली दोनशेवी विकेट घेतली, ५१२६ चेंडूंत. तोवर जगात कोणीही इतक्या कमी चेंडूंत तिथे पोहोचलं नव्हतं.

पुढच्या वेळी त्याच्या एका षटकात वीस धावा गेल्या, तर ऑफिसच्या कॉलवर मी एवढंच म्हणणार आहे : आज टप्पा चुकला.