विश्लेषण : माळशिरस ते बँकॉक... ग्रामीण महाराष्ट्राला या शहराची ओढ का?

माळशिरस, अकलूज, नातेपुते या उसाच्या पट्ट्यात परदेशवारीचा विषय निघाला की बँकॉकचे नाव हमखास येते आणि बहुधा कोणीतरी गालात हसते. मात्र २०२४ मध्ये थायलंडला गेलेल्या साडेतीन कोटींहून अधिक परदेशी पर्यटकांत २१ लाखांवर भारतीय होते. एवढी गर्दी केवळ रात्रीच्या झगमगाटासाठी होत नाही. मग ती होते कशामुळे?

सहलीचे पैसे कोण भरते?

तालुक्याच्या गावातून बँकॉकला जाणाऱ्यांत खते-बियाणे, कीटकनाशके, सिमेंट, पाइप, रंग यांचे विक्रेते ठळकपणे दिसतात. हंगामात ठरलेला माल उचलला की कंपनीकडून सहल, याला बाजारात सरळ ‘स्कीम’ म्हणतात. शे-दोनशे विक्रेत्यांना एकदम न्यायचे तर विमान आणि हॉटेल घाऊक दरात मिळणारे, कमी दिवसांत आटोपणारे ठिकाण लागते. बँकॉक-पट्टाया त्यात चपखल बसते.

ही सहल पूर्णपणे फुकट मात्र नसते. व्यावसायिकाला वर्षभरात २० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा लाभ दिल्यास त्यावर १० टक्के करकपात करण्याची तरतूद (कलम १९४ आर) १ जुलै २०२२ पासून लागू झाली. त्यामुळे बँकॉकवारीही प्राप्तिकराच्या हिशेबात येते. दुसरा हिशेब शेतकऱ्याचा. हंगामाच्या शेवटी उद्दिष्ट थोडक्यात राहिले असेल, तर दुकानदार सुचवतो ती बाटली पिकाची गरज म्हणून की स्कीमसाठी, हे बांधावर उभ्या माणसाने ओळखायचे कसे? या सहलींविषयी विचारण्यासारखा खरा प्रश्न हा आहे, पण चेष्टेच्या नादात तो मागे पडतो.

व्हिसा आणि अंतराचे गणित काय?

थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाविना प्रवेश दिला. आधी ३० दिवसांची असलेली ही मुदत १५ जुलै २०२४ पासून ६० दिवसांची झाली. असे नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी ते तपासलेले बरे. १ मे २०२५ पासून आगमनाची माहिती आधी ऑनलाइन भरणे सक्तीचे आहे. ज्याने कधी वकिलातीची पायरी चढलेली नाही, बँकेचे उतारे जोडून व्हिसाचा अर्ज केलेला नाही, त्याच्यासाठी व्हिसा नसणे ही फार मोठी सोय ठरते.

मुंबईहून बँकॉकचे विमान सव्वाचार तासांच्या आसपास घेते. माळशिरसहून एसटीने पुणे गाठायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. थायलंडचे घड्याळ आपल्या दीड तास पुढे, त्यामुळे झोपेचे खोबरे होत नाही.

शहर म्हणून बँकॉककडे काय आहे?

विमानतळाचे नावच सुवर्णभूमी. आत समुद्रमंथनाचे भव्य शिल्प. वासुकीला धरून ओढणारे देव-दानव पाहून आपली माणसे थबकतात आणि पहिला फोटो तिथेच निघतो. वाट अरुण या मंदिराचे नाव सूर्याच्या सारथ्यावरून आलेले. वाट फोमधील पहुडलेले बुद्ध ४६ मीटर लांब. राजवाड्याच्या परिसरातील भिंतींवर रामकथा चितारलेली. मॉलच्या गजबजाटात, भर चौकात चतुर्मुख ब्रह्मदेवाचे देवस्थान आहे, ते १९५६ मधले. वेळापूरचे यादवकालीन अर्धनारी नटेश्वर मंदिर पाहत वाढलेल्याला हे सारे परके वाटत नाही, आणि तरी परदेश पाहिल्याचे समाधान मिळते.

त्याला आधुनिक शहराची जोड आहे. १९९९ पासून धावणारी स्कायट्रेन आणि २००४ पासूनची भुयारी मेट्रो भाषा न येणाऱ्यालाही इच्छित स्थळी सोडते. चाओ फ्राया नदीत बोटी सार्वजनिक वाहतुकीसाठी धावतात. चतुचकच्या आठवडी बाजारात घासाघीस चालते, आणि त्या कलेत आपली मंडळी कमी पडत नाहीत. शाकाहारी माणसाची सोय भारतीय उपाहारगृहांत होते. काही सहल कंपन्या तर स्वयंपाकीच सोबत नेतात. त्यामुळे विक्रेत्यांच्या गटांबरोबर आता जोडपी, आई-वडिलांना घेऊन जाणारी मुले, महिलांचे गटही दिसतात.

धोका कुठे आहे?

थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून वगळला. जून २०२५ मध्ये पुन्हा निर्बंध आणले. भारतात तो आणणे गुन्हाच आहे. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांकडून मुंबई विमानतळावर सीमाशुल्क विभागाने हायड्रोपोनिक गांजा पकडल्याच्या बातम्या सतत येतात. फुकट तिकिटाच्या बदल्यात दुसऱ्याची बॅग आणायला तयार होणारा तुरुंगात जाऊ शकतो.

याहून गंभीर आहे नोकरीचे आमिष. थायलंडमध्ये संगणकावरचे काम म्हणून बोलावलेल्या तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपले गेले. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांनी अशा पाचशेहून अधिक भारतीयांना माए सोतहून परत आणले. पर्यटक म्हणून व्हिसाविना मिळालेल्या प्रवेशावर तिथे नोकरी करता येत नाही. तरीही एजंट ‘आधी या, कागद नंतर करू’ असे म्हणत असेल, तर विमानात बसण्याआधीच थांबावे.