सीमेवरचें एक अक्षर

घरांतील एखादा तरुण मुलगा जेवणाच्या पंक्तींत फटफटीवरून परदेशीं जाण्याची गोष्ट काढतो, तेव्हां पंक्तीचे दोन पक्ष पडतात. स्त्रीपक्ष घाट, पाऊस, चोर आणि खाण्यापिण्याचे हाल यांची यादी वाचूं लागतो. पुरुषपक्ष खर्चाचा आंकडा विचारतो. सीमेवर काय होईल हें मात्र कोणीच विचारीत नाहीं. सीमा म्हणजे नकाशावरची तांबडी रेघ. ती चाकाखालीं येते न येते तोंच मागें पडते, अशी आपणां सर्वांची समजूत असते. माझीही होती. ती कशी गेली, हें आज वाचकांस सांगावयाचें आहे. त्यांत माझ्या हातून घडलेली एक चूक आहे. तीही लपविण्याचा विचार नाहीं.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतों, त्यांच्या नातवानें २०१८ च्या दिवाळींत असाच बेत जाहीर केला. पुण्याहून निघावयाचें, आसाम व मणिपूर पार करून ब्रह्मदेशांत, म्हणजे आतांच्या म्यानमारमध्यें, शिरावयाचें, आणि तेथून थायलंड व मलेशिया गांठावयाचें. बरोबर आणखी चार मित्र. त्याच वर्षींच्या मे महिन्यांत भारत आणि म्यानमार यांच्यांत जमिनीवरून सीमा ओलांडण्याविषयीं करार झाला होता. व ८ ऑगस्ट २०१८ पासून मणिपुरांतील मोरे येथील नाकें पासपोर्ट व व्हिसा असलेल्या प्रवाशांस खुलें झालें होतें. ही संधि दवडणें मुलांस मानवणारें नव्हतें.

वाटेंत मंडाले लागणार हें कळतांच अण्णांचा निम्मा विरोध गळाला. लोकमान्यांनीं जेथें १९०८ ते १९१४ ही वर्षें बंदिवासांत काढून गीतारहस्य लिहिलें, तें गांव घरांतल्या कोणी तरी पाहून यावें, ही त्यांची जुनी इच्छा. ते म्हणाले, "टिळकांना सरकारनें तिकडे नेलें. मंडालेच्या थिबा राजाला सरकारनें इकडे आणून रत्नागिरीस ठेवलें. तो १९१६ सालीं तेथेंच वारला. त्या दोघांना कोणी कागद विचारले नाहींत. तूं आपखुशीनें जाणार, तेव्हां तुला मात्र विचारतील." हा विनोद पुढें फार खरा ठरला.

माणसास पासपोर्ट लागतो हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु जकातीच्या दृष्टीनें वाहन हा माल आहे. आपण आपली गाडी परदेशांत नेली आणि तेथेंच विकून टाकली, तर त्या सरकारची आयात-जकात बुडाली. ती बुडूं नये म्हणून कित्येक देश वाहनापुरतें एक स्वतंत्र पुस्तक मागतात. त्याला 'कार्ने' म्हणतात. १९५४ सालीं न्यूयॉर्क येथें झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराचा त्यास आधार आहे. त्याची मुदत फार तर एक वर्ष. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशांत शिरतांना जकात-अधिकारी एक भाग फाडून घेतो, बाहेर पडतांना दुसरा. आणि तिसरा भाग पुस्तकांतच राहतो, त्यावर दोन्ही वेळचे शिक्के पडतात. आंत आल्याचा शिक्का आहे परंतु बाहेर गेल्याचा नाहीं, असें झालें कीं जकातीची मागणी पुस्तक देणाऱ्या संस्थेकडे येते. आणि ती संस्था ज्यानें हमी दिली असेल त्याच्याकडून पैसे वसूल करते. म्हणून पुस्तक देण्यापूर्वीं गाडीच्या किमतीच्या मानानें भरभक्कम अनामत किंवा बँकेची हमी मागतात. ती हमी मुलाची नव्हती. अण्णांनीं आपल्या ठेवीवर दिली होती.

हमीचा हा व्यवहार आपल्या शास्त्रकारांस अपरिचित नव्हता. याज्ञवल्क्यांनीं जामिनाचे तीन प्रकार सांगितले आहेत: माणूस हजर करण्याविषयींचा, त्याच्या सचोटीविषयींचा, आणि त्यानें न फेडल्यास स्वतः पैसे भरण्याचा. पहिल्या दोहोंचा भार जामीन राहणाऱ्यापुरताच. तिसऱ्याचा भार मात्र त्याच्या मुलांवरही येतो. याच प्रकरणांत आणखी एक नियम आहे, कीं अविभक्त कुटुंबांत बापलेकांनीं, भावाभावांनीं किंवा पतिपत्नींनीं एकमेकांस जामीन राहूं नये. कारण सर्वांचें धन एकच, तेव्हां कोण कोणाची हमी घेणार? मीं हें अण्णांस बोलून दाखविलें. ते म्हणाले, "मीं त्याची हमी त्याला थोडीच देतों? मीं ती परक्यांना देतों." आणि त्यांनीं सही केली.

आतां माझ्या चुकीविषयीं. पुस्तकाचा अर्ज मुलानें स्वतः भरला व तपासण्यासाठीं माझ्याकडे आणून दिला. कारण चौतीस वर्षें मीं विद्यार्थ्यांच्या वह्या तपासल्या आहेत. मीं चष्मा लावून नांव पाहिलें, पत्ता पाहिला, एके ठिकाणीं राहिलेला स्वल्पविरामही घातला. गाडीच्या सांगाड्याचा सतरा चिन्हांचा क्रमांक तेवढा वाचला नाहीं. ती भाषा नव्हे, असें वाटलें. त्या सतरांपैकीं एक चिन्ह इंग्रजी 'बी' हें अक्षर होतें. मुलाच्या हातून त्याजागीं इंग्रजी आठाचा आंकडा पडला होता. हा क्रमांक ठरविणारांनीं आय, ओ व क्यू हीं तीन अक्षरें मुळांतच वर्ज्य केलीं आहेत, कारण त्यांचा एक व शून्य या आंकड्यांशीं घोटाळा होतो. 'बी' मात्र ठेवला आहे, आणि आम्ही नेमके तेथेंच घसरलों.

२०१९ च्या जानेवारींत मंडळी निघाली. इंफाळपासून मोरे सुमारें ११० किलोमीटर. पल्लेल सोडल्यावर रस्ता तेंगनौपालच्या डोंगरांत चढतो आणि ठिकठिकाणीं सैनिक थांबवून कागद पाहतात. मोरेला पोंचल्यावर पांचांचेही पासपोर्ट पाहून झाले. मग जकातीकडील अधिकाऱ्यानें बॅटरी घेऊन प्रत्येक गाडीच्या मानेजवळ ठोकलेला क्रमांक वाचला. चार गाड्या सुटल्या, पांचवीपाशीं तो थांबला, पुन्हा वांकला, पुन्हा पुस्तक पाहिलें आणि म्हणाला, "ह्या पुस्तकांतली गाडी ही नव्हे." तो उद्धटपणें बोलला नाहीं, आणि त्याचें म्हणणें बरोबरही होतें. म्यानमारच्या परवान्यावर क्रमांक खरा होता, कारण तो नोंदणीपत्रावरून उतरविलेला. कार्नेवर खोटा, कारण तो आमच्या अर्जावरून घेतलेला. दोन कागद एकमेकांविरुद्ध साक्ष देत होते.

पलीकडे तामू गांवीं म्यानमारचा वाटाड्या उभा होता. त्या देशांत परक्या वाहनास आगाऊ परवाना काढून वाटाड्याच्या सोबतीनेंच जावें लागे, व परवान्याच्या तारखा ठरलेल्या होत्या. मित्रांनीं त्याचा एक जादा दिवसाचा खर्च वर्गणी करून भरला व थांबण्याचें कबूल केलें. दुसऱ्या दिवशीं काम न झाल्यास चौघे पुढें जाणार होते.

ती दुपार मुलानें नाक्याजवळ बसून काढली. सीमेच्या दोहों बाजूंस सोळा किलोमीटरांपर्यंत राहणाऱ्यांना त्या वेळीं सवलतीनें येजा करतां येत असे. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या म्हाताऱ्या बाया त्याच्या देखत जात होत्या व येत होत्या. आणि हा पुण्याहून गाडी दौडवीत आलेला वीर बाकावर! सायंकाळीं एका तामिळ खानावळींत त्याला इडली मिळाली. मणिपुरांत ती कशी, असें त्यानें विचारलें, तेव्हां त्याला त्या गांवाची हकीकत कळली. १९६२ सालीं ब्रह्मदेशांत लष्करी राजवट आली, पुढें व्यापाराचें राष्ट्रीयीकरण झालें आणि लाखों हिंदी लोकांस तो देश सोडावा लागला. त्यांतलीं कांहीं तामिळ कुटुंबें मद्रासेस उतरलीं, तेथें त्यांचा जम बसला नाहीं. म्हणून जमिनीच्या वाटेनें पुन्हा ब्रह्मदेशाकडे निघालीं. सीमेवर त्यांना परत फिरविण्यांत आलें. तीं मोरेंतच राहिलीं. त्यांनीं तेथें दुकानें मांडलीं, देऊळ बांधलें. मुलगा मला पुढें म्हणाला, "काका-आजोबा, माझी एक दिवसाची अडचण सांगायची मला लाज वाटली."

परंतु रात्रीं लाजेपेक्षां भीति मोठी झाली. खानावळींत भेटलेल्या एका माणसानें सल्ला दिला: आठाच्या डाव्या अंगास एक सरळ रेघ ओढली कीं झाला 'बी', उद्यां दुसरा अधिकारी असेल, कोण एवढें पाहणार? मित्रांसही तें पटलें. शाईही जुळती निघाली. त्यानें घरीं दूरध्वनि केला. मीं शेजारींच बसलों होतों, म्हणून तें संभाषण मला जसेंच्या तसें आठवतें.

अण्णांनीं विचारलें, "पुस्तकावर सही कोणाची?"

"माझी."

"आणि हमी?"

"तुमची, आजोबा."

"मग रेघ ओढूं नकोस. परत यावें लागलें तर परत ये. घरीं कोणी हंसणार नाहीं. हंसलें तर मीं पाहून घेईन."

त्यांनीं मला एक शब्दही विचारला नाहीं, हीच मला शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशींच्या पहांटे मीं नोंदणीपत्राची प्रत घेऊन पुण्याहून मुंबईस गेलों. दूरध्वनीवरून काम झालें असतें असें सर्वांचें मत होतें, आणि तें खरेंही असेल. पण चूक तपासणाऱ्याची होती. पुस्तक देणाऱ्या संस्थेंत जाऊन मीं ती कबूल केली. तेथील गृहस्थांनीं मूळ कागद पडताळून पाहिले, दुरुस्तीचें पत्र शिक्क्यानिशीं तयार केलें व तें विद्युत्-टपालानें मोऱ्यास धाडलें. दुपारीं तीनच्या सुमारास त्या अधिकाऱ्यानें आठावर आडवी काट मारली, वर 'बी' लिहिला, शेजारीं आपली सही व तारीख घातली, आणि गाडी सोडली.

पूल लहानसाच आहे. अर्धा पांढरा, अर्धा पिंवळा. तो ओलांडतांच घड्याळ एक तास पुढें करावें लागतें, आणि गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूनें न हांकतां उजवीनें हांकावी लागते, कारण ब्रह्मदेशानें १९७० सालीं आपली बाजू बदलली. तामूहून कलेवाकडे जाणाऱ्या वाटेवर दुसऱ्या महायुद्धाच्या काळचे पूल अजून उभे होते. फळ्यांवरून जातांना चाकांचा खडखडाट होई. चौथ्या दिवशीं मंडाले आलें. किल्ल्याच्या खंदकाकाठीं उभें राहून त्यानें नमस्कार केला, आणि त्याचें छायाचित्र अण्णांकडे पाठविलें. तें देवघराशेजारीं लावलें आहे.

परततांना गाडी मलेशियाहून जहाजानें मद्रासेस, म्हणजे चेन्नईस, आली. तेथें जकातीच्या कचेरींत पुस्तक पहिल्या पानापासून पाहिलें गेलें. दुरुस्तीवर बोट ठेवून अधिकाऱ्यानें सही वाचली, पत्र वाचलें, आणि मान हलविली. एका रेघेनें केलेला 'बी' त्या बोटाखालीं कसा टिकला असता, हा विचार माझ्या मनांतून अद्याप जात नाहीं.

त्या वाटेची पुढची हकीकत दुःखाची आहे. २०२० च्या मार्चांत महामारीमुळें नाकें बंद झालें. १ फेब्रुवारी २०२१ रोजीं म्यानमारमध्यें लष्करानें सत्ता घेतली व तेथें यादवी माजली. ३ मे २०२३ पासून मणिपुरांत हिंसाचार उसळला, त्यांत मोरे गांवींही घरें जळालीं. आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें सरकारनें त्या सोळा किलोमीटरांच्या सवलतीची व्यवस्था मोडण्याचें जाहीर केलें. पाट्या घेऊन जाणाऱ्या त्या बायांचें काय झालें असेल, असें मुलगा अधूनमधून विचारतो. आम्हांपाशीं उत्तर नाहीं.

ज्यांच्या घरीं असा बेत चालला असेल त्यांस माझें एवढेंच सांगणें आहे. मुलास अडवूं नका. पण नुसतें कुंकू लावून निरोपही देऊं नका. एक संध्याकाळ त्याच्याबरोबर कागद घेऊन बसा. एकानें लोखंडावरचें अक्षर वाचावें, दुसऱ्यानें कागदावरचें. मग जागा बदलून पुन्हा वाचावें. वेदपाठकांनीं पदपाठ व क्रमपाठ करून एकेक अक्षर हजारों वर्षें राखलें, तें याच रीतीनें. प्रत्येक देश सोडतांना बाहेर पडल्याचा शिक्का पडला कीं नाहीं, हें जागेवरच पाहण्यास सांगा. घरीं आल्यावर तो शिक्का मिळविणें फार कठीण.

पुस्तक संस्थेकडे परत गेलें आणि अण्णांची हमी मोकळी झाली. बँकेचें पत्र आलें त्या दिवशीं अण्णांनीं तें मला वाचावयास दिलें. मीं मजकूर वाचला. मग खात्याचा क्रमांकही वाचला, पासबुकाशीं ताडून, दोन वेळां. अण्णा वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांनीं मान वर केली नाहीं, पण ते हंसले असावेत.