नाम की क्रियापद?

मराठीत ‘खेळ’ हे नाम आणि ‘खेळ!’ ही आज्ञाही. पण ‘खेळतो’, ‘खेळला’ असे प्रत्यय लागले की शंका उरत नाही. हजार वर्षांपूर्वी इंग्रजीतही ‘लव्ह’चे नाम ‘लुव्हू’ आणि क्रियापद ‘लुव्हियन’ असे निराळे होते. ते शेवट झिजले. आता शब्दाची जात वाक्यातल्या जागेवरून ठरते. (आपल्याकडे जात जन्मावरून, पण तो विषय वेगळा!) काही शब्दांत आघातही सरकतो: नाम ‘रेकॉर्ड’, क्रियापद ‘रिकॉर्ड’, स्पेलिंग मात्र एकच. ज्याच्या घरात इंग्रजी कधी बोललेच गेले नाही, त्याने हे ऐकावे कोठे? तो अडखळला की बाके हसतात, आणि मग तो वर्षभर तोंड उघडत नाही. गुरुजनांनी व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी असे शब्द फळ्यावर देवनागरीत लिहावेत, जोराचे अक्षर अधोरेखित करावे आणि साऱ्या वर्गाकडून मोठ्याने म्हणवून घ्यावेत, हसणाऱ्यांकडूनही.