राउटर विकत घेण्यापूर्वी

फायबरचे कनेक्शन घेतले की महिन्याभरात तक्रार ठरलेली: "हॉलमध्ये छान चालते, आतल्या खोलीत मुलीचा क्लास अडकतो." मग शेजारचा कुणी भाईजान सुचवतो, चार अँटेनांचा राउटर आणा. आमचे म्हणणे, खिशात हात घालण्यापूर्वी वेग नेमका कुठे अडतो ते पाहा.

फायबर ज्या डब्याला जोडतात तो ओएनटी. बहुतेक घरांत वाय-फायही त्याच डब्यातून मिळते. तो कंपनीच्या यंत्रणेत नोंदवावा लागतो, म्हणून बाजारात स्वस्त दिसला तरी परस्पर आणू नये. कंपनीकडून घेतानाच विचारावे, ड्युअल बँड आहे ना? एकाच बँडचा डबा २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. या लहरी भिंतीपलीकडे पोचतात, पण शेजारच्या दहा घरांचे वाय-फायही त्याच पट्ट्यात गर्दी करते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, मात्र दोन जाड भिंतींपुढे तो दमतो.

खरी फसगत पोर्टमध्ये होते. प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि राउटरचे पोर्ट १०० चे, तर पैसे दोनशेचे जातात आणि हाती येतात शंभर. खोक्यावर 'गिगाबिट' हा शब्द शोधा. अँटेना मोजू नका. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. घाईत चारच जोडल्या, तरी वेग शंभरावरच थांबतो.

आतल्या खोलीसाठी स्वस्त रिपीटर घेतात. एकाच बँडचा रिपीटर तेच संकेत ऐकून पुन्हा पाठवतो, त्यात निम्मा वेग जातो. त्यापेक्षा भिंतीच्या कडेने लॅन केबल नेऊन तिथे साधा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावावा. अर्थात, आधी डबा लोखंडी कपाटामागून तरी काढा! कित्येकदा तेवढ्यानेच भागते.

दुकानदारांचे आणि घरून शिलाईच्या ऑर्डरी घेणाऱ्या भगिनींचे गणित वेगळे. यूपीआय, बिल, व्हॉट्सअ‍ॅप यांना वेग फारसा लागत नाही, अखंडपणा लागतो. महागड्या राउटरऐवजी मिनी यूपीएस घ्यावा. बरेच डबे १२ व्होल्टवर चालतात, पण अंदाजाने घेऊ नये. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून, त्याचा फोटो दुकानात दाखवूनच घ्यावा. ओएनटी आणि राउटर वेगळे असतील तर यूपीएसला दोन्ही जोडा. आणि गिऱ्हाइकांना वाय-फाय द्यायचेच असेल तर गेस्ट नेटवर्क सुरू करून त्याचाच पासवर्ड द्या, बिलिंगच्या संगणकाचा नव्हे.