सभेचे ध्वनिमुद्रण
व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरास भोसल्यांची गादी स्थापिली. ते राज्य १८५५ मध्ये लयास गेले. परंतु त्याच्या आश्रयाने कावेरीकाठी स्थिरावलेली अनेक मराठी घराणी तेथेच राहिली. त्यांच्या बोलीत जुनी मराठी रूपे व तमिळ शब्द एकत्र नांदतात. ही बोली मुख्यतः घरातच बोलली जाते. म्हणून ती वडीलधाऱ्यांच्या मुखातून टिपून ठेवणे अगत्याचे आहे.

समजा, तंजावर व कुंभकोणम यांच्या दरम्यान असलेल्या पापनाशम येथे अशा कुटुंबांचा मेळावा एखाद्या मंगल कार्यालयात भरला आहे. अध्यक्षांचे भाषण स्वच्छ उमटते. पण मागच्या रांगेतील आजीबाई बोलू लागल्या की मुद्रणात पंख्यांची घरघर आणि भिंतींचा घुमारा तेवढा उरतो. येथे दोष बहुधा यंत्राच्या किमतीचा नसून अंतराचा असतो. मायक्रोफोनचे मुखापासूनचे अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो; दालनातील घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो.

व्यासपीठावर समोरचाच आवाज प्रामुख्याने घेणारा ‘कार्डिऑइड’ मायक्रोफोन ठेवावा. तो मुखापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला असावा. म्हणजे ‘प’, ‘फ’ उच्चारताना श्वासाचा झोत त्यावर आदळत नाही. त्याची पाठ ध्वनिवर्धकाकडे करावी. शिट्टी वाजण्याचा संभव कमी होतो.

श्रोत्यांसाठी हाती धरावयाचा ‘डायनॅमिक’ मायक्रोफोन सोयीचा. तो दणकट असतो व त्यास वेगळी वीज लागत नाही. ‘कंडेन्सर’ अधिक संवेदनशील खरा, पण त्यास बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो आणि तो पंख्याचा आवाजही तितक्याच आवडीने टिपतो. ज्यांचा हात थरथरतो, त्यांच्या पदरास वा सदऱ्यास लहान मायक्रोफोन हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावावा.

अनेक मायक्रोफोन मांडल्यास दोहोंमधील अंतर, वक्त्याच्या मुखापासूनच्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवावे. एरवी एकच आवाज दोन ठिकाणी मागेपुढे पोहोचून पोकळ भासतो. ज्यावर कोणी बोलत नाही, तो बंद करावा.

आरंभी सर्वांची संमती घ्यावी. पंखे चालू ठेवून मिनिटभर मुद्रण करावे व ते कानावर हेडफोन लावून ऐकावे. मोठ्यात मोठा आवाज मापकावर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्यावा. फाटलेला आवाज मागाहून नीट सांधता येत नाही. बोलणाऱ्याचे नाव, गाव व दिनांक मुद्रणातच उच्चारून घ्यावा. त्याच दिवशी दुसरी प्रत करून ती अन्यत्र ठेवावी.

अध्यक्षांचे भाषण बहुधा कागदावर लिहिलेले असते. आजीबाईंचे बोलणे कोठेही लिहिलेले नसते. तेव्हा आपणाजवळ चांगला मायक्रोफोन एकच असेल, तर तो मागच्या रांगेकडे न्यावा.