उचल घेतली, गाणं गेलं



उचल म्हणजे काय, हे कष्टकरी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पैसे आधी हाती पडतात आणि ते फेडता फेडता हंगाम सरतो. अमेरिकेतील हिप हॉप कलावंतांच्या वाट्याला हाच व्यवहार आला.

हिप हॉपचा जन्म १९७३ साली न्यूयॉर्कमधील ब्राँक्स या गरीब भागात झाला. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांनी जुन्या तबकड्या वाजवून, त्यावर आपले बोल म्हणत ही कला उभी केली. पण तबकड्या छापून देशभर दुकानांत पोचवण्याची यंत्रणा मोठ्या कंपन्यांच्या हाती होती. आजही युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन कंपन्यांचाच या धंद्यावर वरचष्मा आहे.

करार कसा असतो, ते साध्या हिशेबाने पाहू. समजा, उचल आणि स्टुडिओ मिळून कलावंताच्या नावे दीड लाख डॉलर खर्च पडला. ८० हजार प्रती विकल्या आणि प्रत्येकीमागे कंपनीकडे १० डॉलर आले, म्हणजे ८ लाख झाले. कलावंताचा हिस्सा १२ टक्के, म्हणजे ९६ हजार. तो खर्चात वळता होतो. कलावंताच्या हाती काहीच येत नाही, उलट ५४ हजार त्याच्या नावे बाकी राहतात आणि ते पुढच्या अल्बममधून कापले जातात. एवढे करून मूळ ध्वनिमुद्रण, ज्याला मास्टर म्हणतात, ते कंपनीच्याच मालकीचे!

ही केवळ कागदावरची गोष्ट नाही. टीएलसी या तीन तरुणींच्या गटाच्या अल्बमच्या लाखो प्रती खपत होत्या. त्याच काळात, १९९५ साली, त्यांना दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

डे ला सोल या गटाचा पहिला अल्बम १९८९ साली टॉमी बॉय या कंपनीने काढला आणि तो गाजला. पुढे इंटरनेटवर गाणी ऐकण्याचे दिवस आले, तेव्हा यांची जुनी गाणी तिथे नव्हतीच. त्यांत इतरांच्या गाण्यांचे तुकडे वापरले होते आणि जुन्या करारांत या नव्या माध्यमाचा उल्लेख नव्हता. २०१९ साली कंपनी गाणी आणायला निघाली, तेव्हा ९० टक्के उत्पन्न कंपनीला आणि १० टक्केच आपल्याला, असे गटाने जाहीरपणे सांगून विरोध केला. २०२१ साली टॉमी बॉय रिझर्व्हॉर या कंपनीने विकत घेतली, समझोता झाला आणि ३ मार्च २०२३ रोजी ती गाणी सर्वांसाठी खुली झाली. परंतु गटातील डेव्हिड जोलिकूर यांचे त्याआधी तीनच आठवडे, १२ फेब्रुवारीला निधन झाले होते. तो दिवस त्यांना पाहता आला नाही.

मग दुसरी वाट नाही काय? आहे. मास्टर पी या रॅपरने कॅलिफोर्नियातील रिचमंड येथे तबकड्यांचे दुकान काढले आणि त्याच नावाने, नो लिमिट, स्वतःची कंपनी चालवली. १९९६ साली त्याने प्रायॉरिटी कंपनीशी करार केला, पण तो फक्त वितरणाचा. मास्टरची मालकी त्याने सोडली नाही. अर्थात या वाटेवर भांडवल आपले आणि बुडाले तर नुकसानही आपलेच. सर्वांना ते झेपत नाही.

आपल्या मुंबईच्या वस्त्यांतली मुलेही आता मराठी-हिंदीत रॅप करतात. त्यांच्या आईवडिलांना एवढेच सांगणे आहे. मुलापुढे कागद आला, तर उचलीचा आकडा शेवटी वाचा. आधी तीन गोष्टी विचारा. मास्टर कोणाचे? किती वर्षांसाठी? कोणता खर्च कापणार? आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला हक्क राखून ठेवला आहे. तो सोडून द्यायला लावणारे कलम कायद्याने टिकत नाही. हे माहीत असू द्या आणि जाणत्या वकिलाला कागद दाखवल्याशिवाय सही करू देऊ नका.